हातोहात द्यायच्या शुभेच्छापत्रांबाबत आणि इतर मिळकतीबाबत

लिहून ठेवतो मी, धंदा लिफ्टदुरुस्तीचा, गुडघे कामातून गेलेले, डोके शाबूत. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. भीतीचे दडपण आहे, पण ते कायद्यात धरत नसावेत. घाईचे कारण पुढे येईलच.

१. राहते घर, त्यातील भांडीकुंडी आणि बँकेत जे काही असेल ते सर्व माझ्या पत्नीचे. घर तिनेच चालवले, मी फक्त जेवायला येत असे. कपाटाचे दार करकरते, तेवढे तेल घालायचे राहिले. लोकांच्या लिफ्टा गुळगुळीत आणि घरचे दार बोंबलतेय, हे तिचे म्हणणे मला मान्य आहे.

२. माझी साखळीची कप्पी मेहुण्याकडे आहे. "दोन दिवसांत आणून देतो, भावजी," म्हणून नेली, ती अजून येतेय. ती आता त्यालाच दिली. मात्र माझ्या तेराव्याला तिचा विषय काढून त्याने डोळे पुसू नयेत.

३. हत्यारांची पिशवी मुलाला. तिच्यात रबरी मुठीचा टेस्टर आहे, तो कोणालाही उसना देऊ नये (कलम २ पाहावे).

४. आता धंद्याचे. वर्षअखेरची सुट्टी लागण्याआधी मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे शुभेच्छापत्र घेऊन स्वतः जातो. लोकांना वाटते, मिस्त्री मोठा मायाळू. मायाळू कसला, मी भित्रा आहे. लिफ्टचे दार बंद झाले की आजही मी देवाचे नाव घेतो. दुरुस्तीवाला आला की लोक म्हणतात, "उद्या या." शुभेच्छा घेऊन आलेल्याला तसे कोणी म्हणत नाही. साहेब मंडळी बसतात वरच्या मजल्यावर. म्हणजे पत्र द्यायला जाता-येता लिफ्टमध्ये उभे राहून कान लावता येतो. दोर, चाक, ब्रेक, सगळे बोलते. काही वावगे ऐकू आले की चहा पिता पिता हळूच सांगायचे. माझ्या एकाही लिफ्टने आजवर माणूस खाल्ला नाही, ते या पत्रांमुळे.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. मुलगा म्हणाला, "बाबा, आता कोण कार्ड वाचतं? एका बटणात सगळ्यांना गेलं बघा." उडत्या फुग्यांचे चित्र होते. सगळ्यांचे जोडलेले हातही लगेच आले. मुलाला वाटले, काम झाले. माझी झोप उडाली.

५. आज सकाळी वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांना फोन केला, निदान तोंडाने तरी शुभेच्छा द्याव्यात म्हणून. ते बोलत असताना मागे लिफ्ट येऊन थांबली. तिचा आवाज मी ऐकला. दोराच्या तारा तुटायला लागल्या की तसा आवाज येतो. मी म्हटले, "साहेब, लिफ्ट बंद ठेवा." ते हसले. "मिस्त्री, ती तुमच्यासारखीच म्हातारी झालीय, कुरकुरणारच! करार संपला म्हणून घाबरवताय होय?" करार नाही, म्हणून मला अधिकारही नाही. फोनवरचा आवाज, चुकलोही असेन. आणि दुपारी सगळे आजी-आजोबा समारंभाला याच लिफ्टने खाली उतरणार.

म्हणून मी पत्र घेऊन वृद्धाश्रमात आलो आहे. वर जाताना ऐकेन आणि खात्री झाली की साहेबांच्या टेबलासमोर ठिय्या देईन. दोर तुटला तर धरून ठेवणारा ब्रेक आहे. तो मीच बसवलेला आहे, त्यामुळे माझा त्यावर विश्वास नाही. हे लिफ्टसमोरच्या बाकावर बसून लिहितो आहे, अक्षर सांभाळून घ्यावे.

६. धंदा मुलाला मिळेल, पण एका अटीवर. शुभेच्छापत्रे त्याने दरवर्षी हातोहात आणि लिफ्टने जाऊनच द्यावीत. हे जमत नसेल तर दुकानाची पाटी उतरवावी.

७. हे कलम आधी ठरलेले नव्हते. मुलगा आत्ता आला. आईने सांगितले म्हणे. हेल्मेटही न काढता म्हणाला, "द्या ते कार्ड."

"अरे, जिन्याने जा."

"जिन्याने जाऊन काय ऐकू येणार, बाबा? आणि तुम्ही थरथरताय, तुम्हाला तर काहीच ऐकू येणार नाही."

माझ्या हातातून पत्र घेतले आणि आत शिरला. मी उठेपर्यंत दार बंद झाले. नर्सबाईंनी म्हाताऱ्या मंडळींना दूर बसवले आहे. लिफ्ट वर चालली आहे. तोच आवाज. मी चुकलो नव्हतो. देवा, चुकलो असतो तर बरे झाले असते.

कलम ६ मधली अट मी रद्द करतो. धंदा त्याला विनाअट. पत्रे पाठवू दे, न पाठवू दे, फुगे उडवू दे. तो फक्त खाली येऊ दे.

सही (थरथरली असली तरी माझीच)

साक्षीदार:
१. रखवालदार, वृद्धाश्रम. समक्ष सही केली.
२. नर्सबाई, तळमजला. समक्ष सही केली. मिस्त्रींनी माझा हात धरून ठेवल्याने डाव्या हाताने केली आहे.

स्थळ: वृद्धाश्रम, लिफ्टसमोरचा बाक
दिनांक: सुट्टी लागण्याआधीचा शेवटचा कामाचा दिवस