गॅरेजच्या फरशीला पाणी

अण्णा,

तुमच्या गॅरेजची फरशी आम्ही फोडली. एकदा नाही, दोनदा. आधी तुमची जुनी, तेल पिऊन काळी पडलेली शहाबादी, आणि मग आम्हीच ओतलेलं नवंकोरं काँक्रीट. दुसऱ्या वेळी ब्रेकरच्या आवाजानं सगळी गल्ली दारात आली आणि मी त्या धुळीत उभी राहून तुमच्या धाकट्यावर ओरडत होते. तुम्हाला ते आवडलं नसतं. माझा आवाज तुम्हाला घरात कधी आवडला नाही. सभेत मात्र तुम्ही मागच्या रांगेत येऊन बसायचात, मी बोलायला उठले की मान खाली घालून ऐकायचात आणि टाळ्या सुरू व्हायच्या आत निघून जायचात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता गॅरेजात येणाऱ्या गाड्यांमध्ये कार्ब्युरेटर शोधून सापडत नाही. तरी गेले कित्येक दिवस मी मनातल्या मनात तुमच्याशीच भांडते आहे. म्हटलं, एकदा कागदावर भांडून घ्यावं.

झालं असं की घराला लागून असलेल्या आपल्या पत्र्याच्या गॅरेजात धाकट्यानं गाडी उचलायची लिफ्ट बसवायचं ठरवलं. दोन लोखंडी खांब, त्यांना चार हात. हात गाडीच्या पोटाखाली घालायचे, मोटर चालू करायची, की गाडी डोक्याच्या वर जाते. हौस म्हणून नाही. तोही तुमच्यासारखाच आयुष्यभर गोणपाट अंथरून गाडीखाली सरपटत गेला, आणि आता खाली गेला की त्याला उठता येत नाही. कंबरेतून निघालेली कळ टाचेपर्यंत जाते. डॉक्टरांनी सांगितलं, जमिनीवर पडून काम करणं बंद. म्हणजे लिफ्ट बसली तर गॅरेज राहणार, नाहीतर पाने-पकडी विकून साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमनची खुर्ची. हे तो हसत सांगतो. नको त्या गोष्टी हसत सांगायची खोड त्यानं तुमच्याकडूनच उचलली.

मला तुमचे पाय फार आठवतात. चेहऱ्यापेक्षा जास्त. शाळेतून आले की तुम्ही गाडीखाली, आणि बाहेर फक्त दोन पाय. स्पर्धेचं भाषण मी त्या पायांसमोर पाठ करायचे. एखादं वाक्य जमलं की उजव्या पायाचा अंगठा हलायचा. नाही जमलं तर आतून आवाज यायचा, ‘हां, म्होरं.’ मग तुम्ही बाहेर येता, स्वयंपाकघराच्या दारात उकिडवे बसता, आई तुमच्या हातांवर गरम पाणी घालते आणि खाली घमेलं ठेवलेलं असतं. ते पाणी निवळलं की गाड्यांचे टायर धुवायला जायचं, आणि उरलेलं बाभळीच्या बुडात. आपल्या घरात पाणी एकदा वापरून कधी संपलंच नाही. तुमच्या आईला गावच्या आडावर रिकामी घागर घेऊन, कुणीतरी वरून पाणी घालेपर्यंत उभं राहावं लागायचं, हे तुम्ही मला आयुष्यात एकदाच सांगितलंत, तेही नळाची तोटी दुरुस्त करता करता, माझ्याकडे न बघता. मी पहिल्यांदा परगावी जयंतीच्या भाषणाला निघाले तेव्हा तुम्ही बाजारातून फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या आणलात आणि म्हणालात, ‘आपलं पानी आपल्याजवळ असावं. कुनाला मागायची येळ नको.’ माझ्या साऱ्या विचारांची सुरुवात पुस्तकांतून झाली असं लोक समजतात. ती त्या तांब्यापासून झाली.

आता लिफ्टचं. ती बसवायला हैदराबादहून फिटर आला. बोलघेवडा, गळ्यात रुमाल, आपल्या कामाची स्वतःच तारीफ करणारा. त्यानं तुमच्या फरशीवर हातोडी आपटली, कान लावून ऐकल्यासारखं केलं आणि धाकट्याला म्हणाला, ‘भाई, इस फरश पो तो मैं अपनी सायकल बी नै खडी करता. तुम गाडी लटकाने चले!’ मग बजावून सांगितलं की खाली मुरूम दाबून जाड काँक्रीट पाहिजे, आणि ओतल्यावर त्यावर पाणी साठवून ठेवलं पाहिजे, सलग, सुकू द्यायचं नाही. यात नवं काही नव्हतं. धाकट्याला हे माहीत होतं, या गावात घर बांधणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. काँक्रीट पाण्यानं पक्कं होतं. फरशी फोडली, पत्रे उंच केले, काँक्रीट ओतलं, त्यावर मातीचे छोटे बांध घातले आणि हौदातलं पाणी सोडून तळं केलं.

आपल्या गल्लीत नळाला पाणी कधी येतं हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या वेळी यायचं तसंच येतं, म्हणजे वाट बघायला लावून. मधल्या दिवसांत हौदात टँकरचं पाणी. तर दुसऱ्याच दिवशी समोरच्या मावशी, त्या मुरुडहून येऊन इथं घर बांधलेल्या, शेतीवाडीवाल्या, फाटकाशी थांबल्या आणि ते तळं बघून म्हणाल्या, ‘काय ओ, अक्काच्या भाषनाला तुमी न्हवता का?’

बस. एवढंच. धाकट्यानं त्याच दुपारी पाणी बादल्यांनी काढून परत हौदात ओतलं, बांध फोडले आणि काँक्रीटवर सुकी पोती टाकून फाटक लावून घेतलं. बायकोलाही सांगितलं नाही. ठरल्या दिवशी फिटर आला, खांब उभे केले, भोकं पाडून बोल्ट घातले आणि आवळायला लागला, तर बोल्ट जागच्या जागी गरगर फिरला आणि भोकातून पिठासारखी भुकटी वर आली. त्यानं पाना खाली ठेवला. ‘मेरे हात से किसी का जनाजा नै निकलना,’ म्हणाला आणि खांब आडवे करून, हात धुऊन निघून गेला.

तुमच्या सुनेनं मला नांदेडला फोन केला. ‘अक्का, तुमी या. हे बोलायलेच न्हाईत. नुसते त्या खांबाजवळ बसून राहायलेत.’

मी आले, आल्या आल्या काय झालं ते त्याच्या तोंडून काढून घेतलं, आणि माझं डोकं फिरलं. हो, भाषण माझंच होतं. मागच्या उन्हाळ्यात, आपल्याच गल्लीच्या समाजमंदिरात. मी म्हणाले होते की अंगणात सडा टाकणाऱ्याला, गाडीवर पाईप मारणाऱ्याला हात धरून थांबवा, कारण त्याच्या पाईपातून दुसऱ्याच्या पोराची तहान वाहून जाते. टाळ्या पडल्या होत्या. त्यातला एकही शब्द मी आज मागे घेणार नाही. पण काँक्रीटला दिलेलं पाणी म्हणजे सडा नव्हे! माणसाची कंबर ज्यावर टिकणार आहे त्याला पाणी लागतं, तर ते द्यायचं, आणि कुणी विचारलं तर तोंड उघडून सांगायचं. सांगायला किती शब्द लागतात?

‘तुला सांगता आलं नाही? की हे वाया नाही चाललं?’

‘कसं सांगू? तुझंच भाषन.’

‘माझं भाषण मला विचार ना! फोन होता की हातात!’

‘अक्का, पान्यावरून बोललं कुनी की मला कसं तरी होतंय. तुला न्हाई होत. तू बोलतीस. मी आपला गप बसतो.’

हे ऐकून मला अधिकच राग आला. त्या रागातच मी समोर मावशींच्या घरी गेले. मनात सगळं तयार होतं. आडाची घागर, वरून पाणी घालणारे हात, आणि आज फाटकाशी उभं राहून आमच्या पाण्याचा हिशेब विचारणारी ही बाई. पायरीवर चढेपर्यंत मी निम्मं भाषण रचलं होतं. मावशी लसूण सोलत बसल्या होत्या. मी विषय काढला, तर त्यांचा हात थांबला.

‘अगं बाई! त्यांनी पानी काढून टाकलं? माझ्यामुळं?’ त्यांना खरंच कळत नव्हतं. ‘अगं, मी चेष्टा केली. घर बांधताना आमच्या स्लॅबवर महिनाभर मीच पानी मारलं की. मला म्हाईत न्हाई व्हय? हसत म्हनलं गं मी. ते बी हसले. मग कशाला काढलं?’

अण्णा, मला त्या क्षणी कुणीतरी शत्रू हवा होता आणि तो मला मिळाला नाही. मावशींनी थांबवलं असतं तर मी लढले असते. त्या हसल्या, आणि तुमचा मुलगाही हसला, आणि हसत हसत आत जाऊन त्यानं आपल्या कंबरेच्या आधाराचं पाणी काढून टाकलं. मी आयुष्यभर सभांमधून सांगत आले की मनाई करणाऱ्यांशी लढा. मनाई कुणी केलीच नसेल तेव्हा काय करायचं, यावर माझ्याकडे एकही वाक्य नाही. आणि इथंच मला तुमचा राग येतो. टंचाईच्या त्या वर्षी टँकर आला की तुम्ही आपला ड्रम रांगेत सगळ्यात शेवटी लावायचात. आपला नंबर आधी असला तरी. ‘भरू द्या त्यांना, आपल्याला काय घाई,’ म्हणायचात. कधी कधी टँकर तळाशी जायचा आणि आपला ड्रम अर्धाच भरायचा. एकदा मी रांगेत ओरडले की आमचा नंबर आहे. तेव्हा तुम्ही मला दंडाला धरून घरी आणलंत आणि म्हणालात, ‘तोंड हाय म्हनून उठसूट उघडायचं नसतं. पान्याच्या जागी तर न्हाईच.’ मी ते मानलं नाही. शेजारी उभं राहून ऐकणाऱ्या धाकट्यानं मानलं. मी एकीकडे गेले, तो एकीकडे, आणि तो बोल्ट कसा फिरला ते ऐकताना मला दिसलं की तुमची ती भलमनसाई त्या भुकटीत होती. मेलेल्या बापाला असं लिहू नये. पण खोटं तरी कशाला लिहू?

आम्ही ते काँक्रीट फोडलं. पुन्हा मुरूम, पुन्हा खडी, पुन्हा सिमेंट. मी शिकवते त्या कॉलेजात रजा टाकली, ठरलेली दोन भाषणं रद्द केली आणि ठरवलं की या वेळी पाणी मीच मारणार, आणि फाटक सताड उघडं ठेवून. बांध घातले, मोटर चालू केली, पाईप धरून उभी राहिले. सकाळ-संध्याकाळ. येणारा-जाणारा थबकायचा आणि तो काही विचारायच्या आत मी समजावून सांगायला लागायचे की हे पाणी का लागतं, किती लागतं, कुणासाठी लागतं. कोपऱ्यावरचा टेलर एकदा म्हणाला, ‘अक्का, पानी मारायलाव का सभा घ्यायलाव? काँक्रीट तुमच्या बोलन्यानंच कडक व्हायचं.’ मावशी रोज येऊन बघायच्या आणि सूचना द्यायच्या, ‘त्या कोपऱ्यात कोरडं राहायलं बघ.’ धाकटा मात्र आतल्या खोलीतून बाहेर येत नव्हता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी पाईप त्याच्या हातात कोंबला. ‘धर. काँक्रीट तुझं आहे.’

‘फाटक लावून घेऊ का?’

‘नाही.’

‘अर्धं?’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्याच्याकडे बघितलं, तर कपाळावर घाम होता, जसा जड गिअरबॉक्स छातीवर पेलताना यायचा. मी अर्धं फाटक लावलं. त्या अर्ध्या फटीतून गल्लीला त्याचा एक खांदा आणि पाईपाचं तोंड दिसत होतं. पुढचे दिवस त्यानंच पाणी दिलं. फाटक शेवटपर्यंत अर्धंच राहिलं. मला हे हरल्यासारखं वाटतं, अजूनही वाटतं. तो म्हणतो, ‘काम झालं न्हवं?’

झालं. फिटर आला, बोल्ट आवळले, एकही हलला नाही. त्यानं आपलीच पाठ थोपटून घेतली, ‘देखे? मैं बोल्या था.’ उमरीच्या एका गिऱ्हाइकाची जीप आत घेतली, हात तिच्याखाली घातले, मोटर घरघरली आणि जीप वर गेली. फिटरनं हात खाली घसरू न देणारी कुलपं बसल्याचा खटका दोनदा ऐकून घेतला, मग धाकट्याला मान हलवून खूण केली. तुमचा मुलगा चालत गाडीखाली गेला, अण्णा. उभा. हात वर करून त्यानं सायलेन्सरची पट्टी धरली, वर बघत राहिला, बराच वेळ. मला वाटलं आता तो काहीतरी बोलेल, काहीतरी मोठं. तो म्हणाला, ‘आता मान दुखायली.’ तुमची सून तोंडाला पदर लावून हसली. मी त्यावरही चिडले. पण त्या संध्याकाळी तो पाट न मागता, भिंतीला न टेकता जेवायला बसला, आणि कुणाचा हात न धरता उठला. ते मी बघितलं.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही. धाकट्याला तर मुळीच नाही, कारण त्याला मी जे जे बोलले ते इथं सगळं नीट लिहिलेलं आहे, आणि एकच गोष्ट त्याला सांगितलेली नाही. ती तुम्हाला सांगते. त्या पहिल्या सकाळी मी फाटक सताड उघडलं, पाईप पसरला, मोटरच्या बटणापाशी गेले आणि तिथून परत फाटकाशी आले. गल्लीत दोन्ही बाजूंना बघितलं. एक दूधवाला जात होता. तो कोपऱ्यावर वळून दिसेनासा होईपर्यंत मी चप्पल झटकत उभी राहिले. मग बटण दाबलं.