रेझ्युमेतली दोन वर्षं

सर, एक गंभीर तक्रार आहे, आणि ती ऐकून घेईल असं अकोल्यात माझ्या ओळखीचं कोणी उरलेलं नाही. तुम्ही जाऊनही बरीच वर्षं झाली, पण सवयीने तुमच्याकडेच येतो. हल्ली नोकरीसाठी जो रेझ्युमे धाडतात, त्याच्या माथ्यावर 'श्री' लिहायची सोय नाही. मी लिहिला होता. लेकीने तो माझ्यादेखत पुसला आणि म्हणाली, "बाबा, मले नोकरी पायजे, नवरा नाई."

तुमचं अमरावतीचं स्वयंपाकघर आठवतं. काकू पोळ्या लाटताहेत, आम्ही चटईवर, आणि तुम्ही माझं पान हात लांब करून बघताय. मजकूर नंतर, आधी कडा. डावीकडे ओळी एकाखाली एक उतरल्या नसतील तर पान परत. "वाचनाऱ्याच्या डोयाले काहून तरास देतं रे?" एवढंच म्हणायचात. आवाज चढवला असतात तर बरं वाटलं असतं.

त्यामुळे लेकीचा रेझ्युमे हाती आला तेव्हा वाटलं, हे आपलंच काम. अक्षरं तीन वळणांची, एक साल कंसात, दुसरं ठळक, तिसरं ओळीच्या मधेच कुठेतरी. रविवारी दोघं लॅपटॉपसमोर बसलो. तिने बटणं दाबायची, मी चुका काढायच्या. मथळे एकसारखे केले, मधली जागा सारखी केली, सगळी सालं उजव्या काठाला एकाखाली एक लावली. पान असं स्वच्छ झालं की तुम्हीही परत केलं नसतं.

आणि स्वच्छ झालं म्हणूनच दिसलं. बी.ए. नंतर एकदम कॉम्प्युटरचा कोर्स. मधली दोन वर्षं नाहीत. एम.ए. संस्कृत टाकायचं राहिलं, असं मी तिला सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"राह्यलं नाई, काढलं मी. त्याच्यानं फोन येत नाई बाबा. वाचतात अन् म्हनतात, हे इकडं काहून आली."

त्या दोन वर्षांचं कोणी विचारलं तर, असं मी म्हणालो.

"घरीच होती म्हनून सांगीन."

घरी कुठली, सर. अमरावतीत तुम्ही शिकवलंत त्याच कॉलेजच्या इमारतीत होती. पहाटेची एसटी, डबा, परतताना बसमध्ये पाठांतर. शेजारच्या सीटवरची बाई तिला कीर्तनकार समजायची. तिला खरं तर बँकेच्या परीक्षांना बसायचं होतं. मीच तुमचं वाक्य तिला जसंच्या तसं ऐकवलं होतं, "संस्कृत घे, तुले काई कमी पडनार नाई." माझ्या बाबतीत ते खरं झालं होतं. शाळा मिळाली, घर झालं. तेच वाक्य इतक्या वर्षांनी पुन्हा वापरताना ते अजून चालतं की नाही, एवढं तपासायला हवं होतं.

मी वाद घातला नाही. एका ओळीखालची जागा जरा जास्त वाटत होती, तेवढी कमी करायला सांगितली. तिने ते पान पुण्याच्या एका कंपनीला पाठवलं.

हे पत्र मात्र कुठे पाठवणार? तिला फोन यावा असं मनापासून वाटतं. पण तिचा मोबाइल वाजला की मी उठून अंगणात जातो. फोन आलाच, तर मी तिला जे सगळ्यात प्रेमाने दिलं तेच तिच्या आड येत होतं, हे ठरेल. मला त्याची भीती वाटते, सर.