डाव्या डोळ्याशी रेघा

धाकटे,

हे पत्र टाकायला तुझा पत्ता उरलेला नाही, तरी लिहिते आहे.

रुसून परदेशी गेलीस, आईशी बोलणं टाकलंस, पण दर वाढदिवसाला फोटो मात्र पाठवायचीस. तू वारल्याचा फोन आला, तेव्हा आई नुकतीच हृदयाचं ऑपरेशन होऊन घरी आली होती. मी तिला सांगितलंच नाही. जुळ्या बहिणीचा चेहरा माझ्याकडे होताच. गेली अकरा वर्षं दर वाढदिवसाला मी माझ्या फोटो स्टुडिओचं शटर ओढून घेते, तुझ्यासारखा उजवीकडे भांग पाडते, हनुवटीवर तीळ काढते आणि फोटो काढून आईच्या हातात ठेवते.

गिऱ्हाइकांच्या फोटोतल्या सुरकुत्या मी रोज पुसते. तुझ्या ठेवल्या. आईला खरं वाटायला हवं होतं.

काल तिने फोटो खिडकीशी धरला. "डाव्या डोळ्याशीच एवढ्या रेघा कशा गं?"

"वय झालं आई आमचं."

"वय काय एकाच डोळ्याला होतं? तीस वर्षं डावा डोळा मिटून कॅमेऱ्यात बघणारी माझी एकच मुलगी आहे."

मी विचारलं, "कधी ओळखलंस?"

"पहिल्याच फोटोला."

"मग बोलली का नाहीस?"

"मला तिला म्हातारी होताना बघायचं होतं. आता नजर चालली माझी, म्हणून सांगितलं."

आज सकाळी केस विंचरताना भांग आपोआप उजवीकडे पडला. मी तो मोडला नाही.

तुझ्याहून दहा मिनिटांनी मोठी होते,
आता अकरा वर्षांनी मोठी असलेली,
तुझी ताई