चव बघणारी बाई

चिंचवड,
जुलै १९७९

प्रिय चित्रा,

माझं पत्र आलेलं तुला आवडणार नाही, हे ठाऊक असूनच लिहायला बसले आहे. श्यामराव गेल्यापासून आलेली पत्रं तू न फोडता उशीखाली सारतेस, असं पद्मानं कळवलंय. आणखीही बरंच कळवलंय. आई चहावर राहते, ताट समोर आलं की काहीतरी काम काढून उठते, पोलकी खांद्यावरून उतरायला लागली आहेत. लेकीनं मावशीकडे चहाडी केली म्हणून तिच्यावर डोळे वटारू नकोस. बाप गेला आणि आई डोळ्यांदेखत वाळते आहे, त्या पोरीनं सांगायचं तरी कुणाला? हे पत्र तिनंच तुला मोठ्यानं वाचून दाखवावं असं मी तिला बजावलं आहे, तेव्हा तुझी सुटका नाही. पण घाबरू नकोस, उपदेश करणार नाही. समाचाराला आलेल्या बायकांनी तो इतका केला असेल की तुझी सात जन्मांची बेगमी झाली. मला तुला फक्त गेल्या श्रावणातली हकिगत सांगायची आहे.

आमच्या दवाखाना मंडळाचं नाव तू ऐकलं आहेस, पाहिलेलं मात्र नाहीस. आमच्या ह्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा मी त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून असायचे. आत पेशंटला जेवण मिळतं, पण बाहेर बसलेल्या बायको-आयांना कोण विचारतो? भोसरी-आकुर्डीच्या कारखान्यांत कुणाचा हात प्रेसमध्ये सापडतो, कुणी भाजतो, आणि गावाकडून एस.टी.नं येऊन पोचलेली माणसं चिवड्याच्या पुडीवर दिवस काढतात. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण दिसलं ते हमीदाबी भाकऱ्यांची टोपली घेऊन आली तेव्हा. पिंपरी गावातल्या टेलरची ही बायको, आणि तिच्यामागे वरणाची बादली उचललेली फिलोमिना, एका फोरमनची बायको. दोघी वाढत होत्या आणि मी तोंडात बोट घालून बघत राहिले. ह्यांचे टाके निघाले त्याच आठवड्यात मी पदर खोचून त्यांच्यात जाऊन उभी राहिले.

दवाखान्यामागे एक पत्र्याची शेड आहे, ती पिंपरी कॅम्पातल्या एका सिंधी कापडवाल्यानं दिली. पातेली गुरुद्वाऱ्यातली. आपल्या कोजागरीचं आटीव दूध ज्यात करतो ती त्यांच्यापुढे वाट्या म्हणायची. शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीबाहेर तांदळाचं पोतं ठेवतात, त्यात येईल तो ओंजळ टाकतो. रविवारी चर्चच्या दारात डाळीचं असतं, आणि आमच्या कॉलनीच्या गणपतीसमोर गुळाचं नि पिठाचं. सोमवारी सकाळी सगळी पोती शेडमध्ये येऊन टेकतात. पहिल्या दिवशी मी ती भिंतीला ओळीनं लावलेली बघितली आणि काय झालं कोण जाणे, नमस्कारासाठी हात आपोआप जुळले. फिलोमिना हसली. म्हणाली, “अरुंधतीबाई, पोत्याला कसला नमस्कार करता, चाळण घ्या.”

मंडळाचा एक नियम मला फार जड गेला. आग्रह करायचा नाही. एकदा विचारायचं, माणूस नको म्हणालं की ताट झाकून त्याच्याजवळ ठेवायचं आणि पुढे जायचं. आपल्या माहेरी पाहुण्याच्या पानात जिलबी लोटल्याशिवाय पंगत उठत नसे, आणि इथे म्हणे तोंड बंद. पण हमीदाबी सांगते की दुःखात असलेल्या माणसाला दोनदा विचारलं की त्याला दोनदा नाही म्हणायचे कष्ट पडतात.

तर गेल्या वर्षी श्रावण आणि रमजान मांडीला मांडी लावून आले. श्रावणात सोमवारी माझा उपास, आणि हमीदाबीचे तर रोजचेच रोजे. जिभेच्या टोकाला लावून थुंकलं तर चालतं असं कुणी म्हणतं, पण ती कडक. तेव्हा चव बघायची ती फिलोमिनानं, असं ठरून गेलं होतं. दुसऱ्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी पंधरा ऑगस्ट होता. आपल्याला तो झेंड्यापुरता माहीत, पण ख्रिस्ती लोकांत तो मारियामातेचा मोठा सण, आणि जुन्या वळणाच्या बायका आदल्या दिवशी उपास धरतात. फिलोमिनाही धरते. तिनं ते कुणाला सांगितलंच नाही. आधीच दोघी उपाशी, त्यात आपली तिसरी भर कशाला, म्हणून लाजली.

मग झालं ते असं. मी वरणात अंदाजानं मीठ घातलं. ही बामणीण मिठाला घाबरते अशी हमीदाबीची पक्की समजूत, म्हणून तिनं माझ्या पाठीमागे मूठभर घातलं. आणि आज आपण चव बघणार नाही ही रुखरुख लागलेल्या फिलोमिनानं, कमी पडायला नको म्हणून, वरून आणखी घातलं. एकीनंही दुसरीला सांगितलं नाही. दुपारी आम्ही तिघी मोठ्या ऐटीत वाढायला गेलो.

त्या दिवसांत व्हरांड्याच्या टोकाला तानुबाई बसलेली असायची. उदगीरकडची, दुष्काळात जमीन सोडून आलेली. नवरा कधीच गेला होता. एकुलता एक भीमराज फाउंड्रीत होता, त्याच्या पायांवर लोखंडाचा तापलेला रस सांडला. तो आत ग्लानीत पडलेला, आणि ही बाहेर. तोंडातून एकच वाक्य, “माझं लेकरू खाईल तवा मी खाईन.” आम्ही रोज ताट झाकून ठेवायचो आणि रोज तसंच उचलायचो. चहाचा घोट घ्यायची, बस्स. अंगावरचं लुगडं काठीवर टाकल्यासारखं दिसायला लागलं होतं. तिच्याजवळ पाण्याचा एक माठ होता, भीमराजला शुद्ध आली की गार पाणी मिळावं म्हणून जपलेला.

त्या दिवशी पंगतीला बसलेल्या माणसांनी आमचं वरण मुकाट्यानं खाल्लं, बरं का. फुकटच्या अन्नाला नाव कसं ठेवायचं! एका म्हाताऱ्यानं तर “लई झ्याक झालंय” म्हणून सांगितलं आणि उठून थेट तानुबाईचा माठ गाठला. मागोमाग दुसरा, मग तिसरी. माठ तळाला गेला तशी तानुबाई भडकली. लोकांना झालंय काय हे बघायला तिनं शेजारणीच्या ताटलीत बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि तरातरा चालत शेडमध्ये आली. आम्ही तिघी पातेल्याजवळ उभ्या.

“बायांनो, हे वरान हाय का मिठागर? जिभा गहान टाकल्यात का तुमी?”

चित्रा, मग एकेकीनं खाली मान घालून आपापला उपास सांगितला. महादेव, रोजा, मारियामाता. तानुबाईनं आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं. “तीन तीन देव,” ती म्हणाली, “अन् चव एकीला बी न्हाई!” फिलोमिना फस्सकन हसली, हमीदाबीनं ओढणी तोंडात कोंबली, आणि मी तर खालीच बसले. तानुबाई हसली नाही. तिनं बाह्या मागे सारल्या, कणकेचे गोळे करून उरलेल्या वरणात सोडले, नवी डाळ बिनमिठाची शिजवायला लावली, आणि संध्याकाळच्या पंगतीचं वरण माणसांत आणलं.

जायला निघाली तेव्हा हमीदाबी म्हणाली, “तानुबाई, ईद होईपर्यंत आमच्यात जीभ असलेलं कुणी नाही. रोज चव बघायला याल?” एकदाच विचारलं. माझी नि फिलोमिनाची जीभ दुसऱ्या दिवसापासून मोकळीच होती, पण ते तिला सांगायची काय गरज! तानुबाईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, “खानं न्हवं ना हे? काम हाय ना?” हमीदाबी म्हणाली, काम आहे.

दुसऱ्या दिवशी ती आली. तळहातावर चार थेंब वरण घेऊन जिभेला लावलं, मीठ टाकलं, पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, नुसत्या वरणाची चव खरी कळत न्हाई, भातासंगं बघाया पायजे. हमीदाबीनं वाटीत भात दिला. त्याच्या दुसऱ्या दिवशी कालवणाची चव भाकरीशिवाय कळेना. हमीदाबीनं तव्यावरची फुगलेली भाकरी तिच्या हातावर ठेवली. स्वतःचे ओठ रोज्यानं पांढरे पडलेले, पहाटेपासून पाण्याचा थेंब पोटात नाही, आणि ही दुसरीच्या भाकरीवर कालवण ओततेय. तानुबाई कोपऱ्यात तोंड फिरवून बसली आणि अख्ख्या भाकरीची चव बघितली. आम्ही कुणी तिच्याकडं पाहिलं नाही. मी कांदे चिरत होते म्हणून बरं, डोळ्यांना निमित्त होतं. आपल्या घरात आयुष्यभर इतके नैवेद्य दाखवले गं मी, पण देव जेवताना कसा दिसत असेल ते त्या शेडमध्ये कळलं.

भीमराज वाचला नाही. तुला खोटं सांगून काय करू? जखमांचं विष अंगात भिनलं आणि त्याच आठवड्यात तो गेला. हमीदाबीनं तानुबाईला धरून ठेवलं, फिलोमिनानं आतून त्याचे कपडे आणले, सिंधी शेठनं टेंपो दिला आणि आमचे हे सोबत उदगीरपर्यंत गेले. टेंपो निघाला तेव्हा मला वाटलं, संपलं. ही बाई आता पुन्हा चिंचवडला पाऊल ठेवणार नाही, आणि गावाकडं तिच्यापुढं ताट झाकून ठेवायलाही कुणी नसणार.

ईद तोंडावर आली होती. सकाळी शेडमध्ये मी डाळ धूत होते. दारात सावली पडली म्हणून वर पाहिलं, तर तानुबाई. कपाळ मोकळंच, गळ्यात काही नाही, हातात बोचकं. लेकाचं दिवसकार्य उरकून रात्रभर एस.टी.नं आली होती. माझ्या हातातून रोळी सुटली. ती म्हणाली, “रोजे हायेत ना अजून? चव कोन बघतंय?” आणि बोचकं खाली ठेवून चुलीपाशी बसली. हमीदाबीनं पळी पुढे केली. मी पुष्कळ देवळं पाहिली चित्रा, रामेश्वर पाहिलं, आपल्या आईबरोबर काशी पाहिली. अंगावर असा काटा कुठंच आला नव्हता. अजूनही शेडच्या दारात उन्हाचा पट्टा हलला की मी मान वर करते.

तानुबाई आता दवाखान्यात आया आहे आणि व्हरांड्यावर राज्य करते. महादेवाशी मात्र तिचं वाकडं होतं, लेकाला नेला म्हणून. त्याचं नावही घेऊ द्यायची नाही. गेल्या आठवड्यात भांडी घासताना अचानक म्हणाली, “अवंदा मी बी सोमवार धरनार हाय. लई दिस भांडले त्याच्यासंगं.” मला इतका आनंद झाला, आणि लगेच काळजात धस्स झालं. यंदाही श्रावण आणि रमजान बरोबरच येताहेत. मी उपाशी, हमीदाबी उपाशी, आता तानुबाईही. फिलोमिना मुलीच्या बाळंतपणाला वसईला चालली आहे. मी म्हटलं, अगं मग चव कोण बघणार? तर तानुबाई म्हणते, “तुमची सांगलीची भन हाय की. माणूस गेलंय म्हनता न्हवं? तिला बोलवा. रिकाम्या पोटाच्या माणसाला मीठ लवकर कळतं.” म्हणून हे पत्र. तुला मन रमवायला ये म्हणत नाही, श्यामरावांना विसरायला ये असं तर मुळीच म्हणत नाही. काम आहे म्हणून बोलावते आहे. रविवारी हे सांगलीला येताहेत, त्यांच्याबरोबर पद्माला घेऊन निघ. पहिल्या सोमवारी पातेलं चढेल तेव्हा आम्ही तिघी उपाशी उभ्या असू, आणि तू आली नाहीस तर त्या व्हरांड्यातल्या माणसांना काय वाढतोय ते आम्हांला कळणार नाही.

तुझीच,
अरुताई