पडदा आणि भिंतीकडच्या खुर्च्या

बाबा,

मागच्या वेळी तुला लिहिलं त्यात एक गोष्ट चुकली. मिठागरात तू मला एकदाच रागावलास, वाफ्यात पाय घातला म्हणून, असं मी लिहिलं होतं. काकी म्हणते, तसं नव्हतंच. तुम्ही सगळे वाफ्याची जमीन तुडवून सपाट करत होता आणि तू बांधावर बसलेल्या मला विचारलंस, आता सारखी दिसते का? मी जागची न हलता हो म्हणाले. पाणी सोडल्यावर पलीकडच्या कोपऱ्यात डबकं राहिलं, तेव्हा तू म्हणालास, "तू बसलीस तवराच वाफा हाय का गो?" काकीला हे अगदी तुझ्या आवाजात आठवतं. मला मात्र पायाला लागलेला गार चिखल आठवतो. आता कोणतं खरं धरायचं? शाळेत घालायच्या आधी तू मला त्याच ओल्या जमिनीवर बोटाने अक्षरं काढायला शिकवायचास, म्हणजे चिखलही खोटा नसणार. कदाचित दोन वेगळे दिवस मी एकात मिसळले असतील.

हे सगळं निघालं एका पडद्यावरून. सभा-परिषदा भरवून देणाऱ्या एका ऑफिसात मी नुकतीच लागले आहे. बंदराकडे जाणाऱ्या नव्या रस्त्याबद्दल एक परिषद आहे आणि हॉलचा जुना पडदा पिवळा पडलाय, म्हणून प्रोजेक्टरसाठी नवीन पडदा निवडायचं काम माझ्याकडे आलं. पडदा म्हणजे पांढरं कापड, त्यात काय निवडायचं, असं मला वाटलं होतं. दुकानदाराने हॉलमध्येच दोन पडदे शेजारी शेजारी टांगून दाखवले. एक साधा, मॅट. दुसऱ्याला मोत्यासारखी चकाकी. हॉलच्या खिडक्या पश्चिमेला, खाडीकडे. दुपारनंतर ऊन थेट आत येतं आणि मॅट पडद्यावरचं चित्र धुतल्यासारखं फिकं होतं. चकाकीवाल्यावर मात्र तेच चित्र झळकतं. आमचे सर खूश झाले. "बघा मॅडम, टीव्ही झाला टीव्ही! पाहुणे कसे उठून दिसतील फोटोत." मी मधल्या रांगेतल्या खुर्चीत बसून पाहिलं आणि म्हटलं, हो सर, हाच चांगला आहे.

तेवढ्यात काकी आली. मी डबा घरी विसरले होते, तो घेऊन. "श्यानी झालीस, पन पोटाची आठवन नाय," असं सगळ्यांसमोर म्हणाली आणि दाराजवळ, भिंतीला लागून असलेल्या खुर्चीत टेकली. मी म्हटलं, मध्ये ये ना, सगळ्या खुर्च्या रिकाम्याच आहेत. "मधी सायबाची मानसा बसतान. मी हितच बरी." मग पडद्याकडे बघत म्हणाली, "काय दावतंय ह्ये? नुसता धुका पडलाय."

मी उठून तिच्याजवळ गेले आणि हळूच म्हटलं, "काकी, नकाशा आहे. आपलं मिठाचं आगर आहे त्यात."

"हाय तं मंग रस्त्याची रेघ कंची?"

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. रेघ नव्हती. म्हणजे होती, पण त्या बाजूने चकाकीवाला पडदा सगळा करडा दिसत होता आणि बारीक लाल रेघ त्यात विरून गेली होती. मॅट पडद्यावर ती फिकी का होईना, पण होती.

सरांना सांगितलं तर हसले. "अहो, त्यांना मध्ये बसवा ना. दोन माणसं ठेवू खुर्च्या दाखवायला." त्यांचं चुकतंय असंही मला म्हणता येत नाही. पण आपली माणसं कुठल्याही सभेत कुठे बसतात ते तुला माहीत आहे. हात धरून मध्ये बसवलं तर चहा येईपर्यंत बसतात आणि कप घेऊन पुन्हा दाराशी जातात. रस्ता कुणाच्या आगरातून जातो आणि कुणाच्या बांधाला लागून, हे त्या दिवशी पडद्यावर दाखवणार आणि काही म्हणायचं असेल तर तिथेच म्हणा असं सांगणार. तू गेल्यानंतरही काकी अजून तेच आगर पिकवते. तिला रेघच दिसली नाही तर ती काय म्हणणार?

पण मॅट घेतला तर दुपारी सगळ्यांनाच फिकं दिसेल. सभा सकाळी ठेवली तर ऊन आत येणार नाही, पण मोठे पाहुणे जेवणानंतर येणार आहेत. त्यांची वेळ बदला म्हणणारी मी कोण? माझी नोकरी अजून पक्कीसुद्धा नाही. शिवाय हे मी सगळ्यांसाठी म्हणतेय की फक्त काकीसाठी, तेही मला नीट कळत नाही. नकाशात आपलं आगर आहे हे मी ऑफिसात अजून सांगितलेलं नाही. ते न सांगता पडद्याबद्दल बोलणं बरोबर आहे का? आणि सांगितलं तर माझं कोण ऐकेल? तू असतास तर मी तुला विचारलं असतं आणि तूही बहुधा लगेच उत्तर दिलं नसतंस.

हे पत्रही आधीच्यासारखं कपाटातच राहील. एक सांगायचं राहिलं. मधल्या खुर्चीत बसले होते तेव्हा तो चकाकीवाला पडदा मला मनापासून आवडला होता, आणि अजूनही तोच आवडतो. सर शुक्रवारी ऑर्डर देणार आहेत. पडदा मॅट घ्या, सभा सकाळी ठेवा आणि नकाशात आमचं आगर आहे, हे तिन्ही मी त्यांना सांगणार आहे, येत्या गुरुवारी.