तानीच्या पुढची घोडी

चिंचवड,
रविवार, ६ फेब्रुवारी १९७७

ती. श्रीपाददादा,

नमस्कार. आधी खुशाली. आई बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते आणि दिवसातून चार वेळा माळ्यावर चढते. मी सकाळच्या बसने मोशीला, संध्याकाळच्या बसने घरी. तुझी तिन्ही पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही म्हणून तू चिडला असशील आणि ते बरोबरच आहे. चीड, पण वाच.

जिराफाचं चित्रकार्ड वर्गात लावलं. चौथीतल्या पोरांचं म्हणणं असं, की हा उंटच आहे, फक्त कुणीतरी ओढलाय. तू नैरोबीहून लिहिलंस म्हटल्यावर मात्र गप्प बसली. तुझ्या पत्राला इथं फार मान आहे. मी सांगितलेलं त्यांना धड्यातलं वाटतं, तू लिहिलेलं खरं वाटतं. तिथली पोरं सहा-सहा मैल पळत शाळेत येतात हे तू लिहिलंस ना, ते वाचून दाखवलं त्या दिवसापासून मोशीच्या शाळेत कुणी चालत येत नाही. मळ्यातून, नदीकडच्या वस्तीवरून, सगळी धापा टाकत येतात आणि प्रार्थनेला नुसतं हाश्शहुश्श.

'प्राण्यांचा शनिवार' तुला सांगितला होता ना? दर शनिवारी एकानं घरचं जनावर शाळेत आणायचं आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. जनावराला नाही रे, आणणाऱ्याला. किती दात, काय खातं, कशाला भितं. आतापर्यंत कोंबडी झाली, म्हैस झाली, मेंढरं झाली. शेळीच्या शनिवारी जरा घोटाळा झाला. जगाचा नकाशा भिंतीवरून काढून ओसरीत ठेवला होता. मी फळ्याकडे वळले तेवढ्यात शेळीनं निम्मी दक्षिण अमेरिका खाल्ली. उद्धवराव गुरुजी, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, अजून माझ्याशी त्या नकाशाबद्दलच बोलतात. नैरोबी मात्र वाचलं. पोरांनी आधी तेच बघितलं.

आणि मग घोडीचा शनिवार. आता इथून पुढचं लिहायला हात जड होतोय. तिन्ही पत्रांत तू विचारलंस, 'तुझ्या तानीच्या शर्यतीचं कुठवर आलं?' सांगते. पण माझ्या पद्धतीनं, पहिल्यापासून सांगू दे.

तानी म्हणजे तात्याबांची नात, चौथीत आहे. बाप कंपनीत, आई रानात, पोर आजोबांच्या हाताखाली वाढलेली. तात्याबांची घोडी आहे, हरणी तिचं नाव. साधीसुधी नाही ती. बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढं पळणारी घोडी. तू लहानपणी एकदाच शर्यत बघितलीस आणि धुळीनं खोकत घरी आलास, म्हणून तुला आठवत नसेल. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैल सुटतात तेव्हा त्यांच्या पुढं एक घोडीवाला असतो. बैल घोडी बघून पळतात. हरणी तात्याबांसह शाळेच्या मैदानात आली, पोरांचे प्रश्न झाले आणि शेवटी तात्याबांनी नुसती एक फेरी मारून दाखवली. तेवढ्यात वर्गातून तानी उठली आणि हरणीच्या मागं सुटली. अनवाणी, परकराचा ओचा खोचून. दादा, तिचे पाय जमिनीला लागत होते की नाही, मला आजही सांगता येणार नाही. गुरुजींच्या तोंडातून 'अगं बाई!' निघालं.

मी त्याच दिवशी ठरवलं, तालुक्याच्या स्पर्धेत हिला शंभर मीटरला उतरवायचं. तात्याबांना विचारलं तर म्हणाले, "पळू द्या. पर बाई, चौथी झाली की पोर घरी. शेरडं कोन राखील?" पाचवीला भोसरीला जावं लागतं, ते त्यांना नको होतं. मी वाद घातला. माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी सोडत नाही. शेवटी वैतागून ते म्हणाले, "तालुक्यात पयली आली तर घालतो पाचवीला. शबुद हाय." शब्द देऊन माणूस फिरणारा नाही, हे सगळं गाव सांगतं. म्हणजे त्या शंभर मीटरवर पोरीची सगळी शाळा टांगलेली होती आणि ती तिथं टांगली मीच.

दोन महिने रोज सकाळी सराव. पुढं हरणी, मागं तानी, कडेला मी गुरुजींचं घड्याळ घेऊन. मला वाटायचं, काय अक्कल लढवली! नैरोबीत नसेल असा सराव! मधे दोन दिवस हरणीचा खूर दुखावला तर तानी धावायलाच तयार नव्हती. "घोडी न्हाई, मंग कशी पळू?" म्हणाली. मी हसले. लाड चाललेत म्हटलं आणि सोडून दिलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तात्याबा म्हणाले, "उद्या घोडी आनू का भोसरीला?" तेव्हाही मी हसले. दोनदा हसले दादा मी. पोरांना वर्षभर शिकवते, दिसलं की 'का' म्हणून विचारा, आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

अठ्ठावीस जानेवारीला भोसरीत स्पर्धा होती. चुन्याच्या फक्कीच्या रेषा, शिट्टी, लाउडस्पीकर, सगळं रीतसर. शिट्टी झाली आणि तानी सुटली. पन्नास मीटरला बाकीच्या पोरी इतक्या मागं होत्या की मी गुरुजींचा दंड पकडून नाचायला लागले. पाऊणशे मीटरला ती हळू झाली. मग थांबली. पडली नाही, ठेच लागली नाही, चक्क उभी राहिली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मागं वळून बघितलं. सात पोरी तिच्या शेजारून निघून गेल्या. मग ती चालत चालत आली. आठवी.

आणि मी काय केलं? मी पुढं जाऊन सगळ्यांदेखत तिच्या मुस्काटात मारली.

लिहिलं एकदाचं. आईला सांगितलेलं नाही, कुणालाच नाही. तू म्हणशील, चित्रा असं करणार नाही. केलं. 'मूर्ख' म्हणाले वर. ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, काहीतरी सांगायचं असावं तशी. मी ऐकायला थांबले नाही. मला स्वतःचीच लाज वाटत होती, हे आता कळतं.

सोमवारपासून तानी शाळेत नाही. आज रविवार. दुपारच्या बसने मी तिच्या वस्तीवर जाणार आहे. सकाळपासून हे पत्र लिहितेय ते धीर गोळा करायला. पोरीनं तोंड फिरवलं तर काय करू, हे तू इथं असतास तर विचारलं असतं. आजवर तुलाच तर विचारत आले.

बस चुकेल. उरलेलं आल्यावर.

बुधवार, ९ फेब्रुवारी

दादा, पत्र तसंच राहिलं होतं. बरंच झालं, नाहीतर अर्धंच गेलं असतं.

वस्तीवर पोचले तेव्हा तात्याबा हरणीला खरारा करत होते. मला बघून तानी घोडीच्या पलीकडे गेली. मला तिचे फक्त पाय दिसत होते. तात्याबा 'या' म्हणाले, पण बसा म्हणाले नाहीत. मीही उभीच राहिले आणि घोडीच्या पोटाखालून त्या पायांनाच विचारलं, "तानी, का थांबलीस गं?" नऊ दिवसांपूर्वी विचारायला हवं होतं ते.

मग पलीकडून आवाज आला, "पुढं कोनच नव्हतं, बाई. मला वाटलं, मी वाट चुकले."

दोन महिने त्या पोरीनं रोज पुढं घोडी बघितली. त्या दिवशी मोकळं मैदान बघितलं आणि तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून मागं वळून बाकीच्या कुठं चालल्यात ते बघत होती. आणि मी तिला मारलं.

तात्याबांचा हात थांबला. म्हणाले, "शर्यतीत बैल थांबला तर आमी बैलाला मारत न्हाई, बाई. घोडी कुठं गेली ते बघतो."

मी मान खाली घातली. म्हटलं, "चूक माझी आहे. तुम्ही घोडी आणू का विचारलंत, तेव्हा मी हसले. तिला घोडीशिवाय एकदाही पळवलं नाही." त्यांनी परत खरारा सुरू केला. मला वाटलं, आता जा म्हणतील. तेवढ्यात ते स्वतःशीच हसायला लागले. खो-खो हसले. "आरं तिच्या! मंग पोर पयली व्हती की वो!"

मला कळेना.

"म्हागं असती तर पुढं पोरी दिसल्या असत्या. त्यांच्या मागनं पळाली असती. थांबली कशाला असती? पयली व्हती म्हनून तर थांबली!" आणि घोडीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आमी शबुद दिलाय. घालतो पाचवीला."

दादा, इतकं सरळ गणित आणि मला, डी.एड. झालेल्या बाईला, सुटलं नाही. मी रडायला लागले. तानी घोडीच्या पोटाखालून वाकून बघायला लागली, बाई रडतात कशा ते. चांगली निरखून बघत होती, शनिवारी जनावर बघतात तसं. मग मला पण हसू आलं.

पण तात्याबा पक्के आहेत. निघताना म्हणाले, "भोसरीला पोर एकली जानार. काय अडलं-नडलं तर आमाला अक्षर कळत न्हाई. तुमी हितल्या शाळंत हाय तवर पाठवीन. गुरुजी म्हनत्यात, तुमी परमुलखात जानार भावाकडं. जानार असला तर आत्ताच सांगा, उगं पोरीला नादी लावू नगा."

गुरुजींना मीच बोलले होते. तू तिथल्या शाळेतली जागा बघून ठेवलीस, जूनचं तिकीट काढतो म्हणालास, तेव्हा आनंदाच्या भरात. तुझ्या तीन पत्रांना उत्तर गेलं नाही, त्याचं खरं कारण तानी नव्हे दादा, हे आहे. जायचं की नाही हे मला कळत नव्हतं आणि ते विचारायला नेहमीचा माणूस म्हणजे तूच.

तात्याबा वाट बघत होते. मी म्हटलं, "मी आहे. कुठं जात नाही."

तोंडातून निघून गेलं, मग माझं मलाच ऐकू आलं. तुला न विचारता दिलेलं हे माझं पहिलं उत्तर. आठवून बघ. तू सायकल शिकलास म्हणून मी शिकले. तू मॅट्रिकला गणितात पहिला म्हणून मी रडत रडत गणित केलं. मास्तरकी करायचीसुद्धा तूच सांगितलीस. त्यात वाईट काहीच झालं नाही, सगळं भलंच झालं. पण तू नैरोबीला गेल्यापासून दोन वर्षं मी अशीच उभी आहे, इकडे तिकडे बघत. तिकीट काढू नकोस. काढलं असलंस तर परत कर आणि माझ्यावर मनसोक्त चीड. आईला मी सांगेन, तू नको सांगूस.

सोमवारी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर तानीची माफी मागितली. मारलं होतं चारचौघांत, म्हणून माफीही चारचौघांत. गुरुजींच्या कपाळाला आठ्या पडल्या, बाईंनी माफी मागितली तर पोरं डोक्यावर बसतील म्हणाले. पोरं डोक्यावर वगैरे बसली नाहीत. पण मधल्या सुट्टीत दुसरीतला एक येऊन गंभीरपणे म्हणाला, "बाई, मला पन एकदा मारलं व्हतं." त्याचीही मागितली. आता रांग लागणार असं दिसतंय.

कालपासून घोडीशिवाय सराव सुरू केला. मैदानाच्या टोकाला लिंबाचं झाड आहे, तिथपर्यंत. पहिल्यांदा तानी दहा पावलांवर थांबली आणि माझ्याकडे बघितलं. दुसऱ्यांदा निम्म्यावर थांबली. मी ओरडले नाही, मोठ्या कष्टानं. आज सकाळी ती लिंबाला हात लावून परत आली आणि घाम पुसत म्हणाली, "बाई, पुढं कोन नसलं की वारा लय लागतो." पुढच्या वर्षी ती भोसरीच्या शाळेकडून धावेल.

वर्गानं तुला विचारायचे प्रश्न जमवलेत, पाठवते. जिराफ पाणी कसा पितो? तिकडं शेरडं नकाशा खातात का? सहा मैल पळून आल्यावर मास्तर झोपू देतात का? आणि शेवटचा तानीचा, तिनं स्वतः पाटीवर लिहून आणला होता: 'तिकडच्या पोरींच्या पुढं कोण पळतं?'

त्याचं उत्तर तू लिही, खरं असेल तेच. तुझ्या अक्षरात आलेलं इथं खरं धरतात.

आणि मलाही लिही. रागानं लिहिलंस तरी चालेल. पण या खेपेला काय करू ते सांगू नकोस दादा, नुसतं कसा आहेस ते सांग.

तुझ्या मागोमाग इथवर आलेली आणि आता इथंच वारा खात उभी असलेली,

तुझी
चित्रा