नव्वद अँपिअरचा अल्टरनेटर

भिंगार,
मंगळवार, सकाळ

प्रिय देवश्री,

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकू नकोस, आई बरी आहे. ऑक्सिजनचं मशीन सतत लावावं लागतं, पण जेवते, चिडते, मला कामाला लावते. तुम्ही दोघी रोज दुपारी फोनवर बोलता, तेव्हा हे तुला ठाऊकच असेल. मी त्या वेळी अंगणात जातो, हेही ठाऊक असेल.

गेल्या महिन्यात अंगणात जायला मला जरा उशीर झाला. तुझी मनवा फोनच्या स्पीकरवर विचारत होती, "आजी, तू आमच्याकडे का येत नाहीस?" इंदू म्हणाली, "बाळा, माझं मशीन गाडीत चालत नाही ना." मशीन आलं गेल्या दिवाळीत. मनवा चार वर्षांची आहे. आधीच्या तीन वर्षांचं खरं कारण तिने सांगितलं नाही. मला सांभाळून घेतलं.

दुसऱ्या दिवशी छगनच्या गॅरेजवर गेलो. गाड्यांच्या वायरिंगमधला तो इथला जाणता माणूस. म्हटलं, मशीनसाठी गाडीत इन्व्हर्टर बसवून दे. त्याने बॉनेट उघडून मान हलवली. "इन्व्हर्टर आत्ता बसवीन, काका. पन वीज कुठून आनायची? इंजिनावर वीज बनवतो तो तुमचा अल्टरनेटर लई लहान हाय. दिवे, पंखा अन् हे मशीन एकदम चाललं तर वाटंतच बॅटरी बसंल." त्याने एका मोठ्या गाडीचा नव्वद अँपिअरचा शोधून आणला, जुन्याच्या जवळजवळ दुप्पट. तो जुन्या जागेत बसेना, म्हणून लोखंडी पट्ट्यांचं नवं ब्रॅकेट केलं. बॅटरीपर्यंत जाड वायर ओढली. चार दिवस मी स्टुलावर बसून टॉर्च धरला. घरातला फ्यूज गेला तरी तुला हाक मारणारा तुझा बाप आता अँपिअरवर बोलतो. हस खुशाल.

पहिली फेरी फसली. विळद घाटापर्यंत सगळं ठीक होतं. तिथे ट्रकांच्या रांगेत गाडी थांबली आणि मशीन केकाटायला लागलं. घाईत मला डिकीतल्या जादा ऑक्सिजन सिलेंडरची नळी जोडता येईना. शेवटी इंदूनेच ती जोडली आणि म्हणाली, "अहो, मी आहे अजून. पाणी प्या आधी." छगनने दोष शोधला. उभ्या गाडीत इंजिन हळू फिरतं, वीज अपुरी पडते. त्याने अल्टरनेटरची पुली लहान केली, म्हणजे तो जास्त वेगाने फिरेल.

काल पुन्हा निघालो. रांग लागली, गाडी थांबली, मशीन शांतपणे चालत राहिलं. राहुरी आली. इंदू काचेला नाक लावून उसाचे ट्रॅक्टर बघत होती. मग हळूच म्हणाली, "इथून देवश्रीचं कोपरगाव किती राहिलं हो?" मी गाडी वळवली. घरी येईपर्यंत खिडकीबाहेर तिने पाहिलं नाही.

तुला विचारल्याशिवाय मी पुढे कसा येणार होतो? सुनील शेतकऱ्याच्या घरचा, आपल्यातला नाही, एवढ्याचसाठी मी तुझ्या लग्नाला आलो नाही. हे लिहिताना लाज वाटते. आई दवाखान्यात होती तेव्हा तो तीन दिवस बाहेरच्या बाकावर बसून होता आणि मी त्याला एकदाही नावाने हाक मारली नाही.

डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिला आहे. रविवारी आईला घेऊन येतो. तिला दारात उतरवून परत जा म्हणालीस तर जाईन आणि संध्याकाळी न्यायला येईन, राग न धरता. आत या म्हणालीस, तर आधी सुनीलची माफी मागेन आणि मगच चप्पल काढेन. मनवाने मला फक्त फोटोत पाहिलंय. मी तिचा कोण, ते तिला मी स्वतः सांगू का? एवढं विचारायलाच हे पत्र. फोनवर मला हे जमलं नसतं.

हट्टी, चुकलेला, तरी तुझाच,
बाबा